साठ टक्के उष्णता आणि परळीचे पाणी

मा. संपादक,

औष्णिक वीजकेंद्रांत कोळशातली साठ टक्क्यांहून अधिक ऊर्जा वाया जाते, हे आपल्या अंकातले वृत्त वाचले. आकडा बरोबर आहे. त्याचे खापर ढिसाळ कारभारावर फोडलेले मात्र पटले नाही.

उष्णतेवर चालणाऱ्या कुठल्याही इंजिनाला घेतलेल्या उष्णतेतली काही उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते. इंजिन उष्णतेचा जास्तीत जास्त किती भाग कामाला लावू शकेल, ही कमाल मर्यादा फक्त गरम आणि थंड बाजूंच्या दोन तापमानांवर ठरते, आत वाफ आहे की हवा याने फरक पडत नाही, हे सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये मांडले. (उष्णता म्हणजे एक प्रकारचा द्रव, असे तो तेव्हा धरून चालला होता, तरी निष्कर्ष टिकला!) वाफ ५४० अंश सेल्सिअसची आणि कंडेन्सर (वापरून झालेली वाफ गार करून तिचे पुन्हा पाणी करणारा भाग) ४५ अंशांचा धरला, तर ही मर्यादा जेमतेम ६१ टक्के येते. तीही घर्षण नाही, गळती नाही अशा कागदावरच्या यंत्राची. शिवाय बॉयलरमधली सगळी उष्णता काही ५४० अंशांना दिली जात नाही. पाणी तापते आणि उकळते ते त्याच्या बरेच खाली. त्यामुळे जुने संच ३५ टक्क्यांच्या आसपास राहतात. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या संचांसारखे सुपरक्रिटिकल संच दाब-तापमान वाढवून चाळिशीच्या जवळ जातात, इतकेच.

जाब विचारायचाच तर सोडलेल्या उष्णतेचे पुढे काय होते, याचा विचारावा. आपल्या साखर कारखान्यांत टर्बाइनमधून निघालेली वाफ उसाचा रस आटवायला जाते. म्हणून तिथली सहवीजनिर्मिती परवडते. औष्णिक केंद्राजवळ एवढ्या उष्णतेला गिऱ्हाईक नसते. ती कूलिंग टॉवरमधून, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मनोऱ्यांतून जाते आणि जाताना वाफेच्या रूपात पाणी घेऊन जाते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले ते पाणी नव्हते म्हणून. कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने विजेच्या दर युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली आहे. राज्यातले कोणते केंद्र प्रत्यक्षात किती पाणी वापरते, तो तक्ता आपल्या वार्ताहराने मिळवून छापावा.

– एक निवृत्त बॉयलर अभियंता, सांगली