चाकूच्या मुठीला बोटांच्या खाचा कशाला?

मा. संपादक,
स. न.

भटकंतीसाठी चाकू कसा निवडावा, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. पात्याचे पोलाद, धारेचा कोन, म्यान यांवर लेखकाने मनापासून लिहिले आहे. मुठीची बोळवण मात्र दोन ओळींत केली आहे आणि माझे भांडण त्या दोन ओळींशीच आहे. ‘बोटांच्या खाचा असलेली मूठ घ्यावी, ती हातात पक्की बसते,’ असे ते म्हणतात.

मी लाकूडकाम करतो. हत्यारांना नव्या मुठी बसवणे हे त्यातले माझे आवडीचे काम. मूठ बदलून द्या म्हणून जे चाकू माझ्याकडे येतात, त्यांत खाचावाले बरेच असतात. पाते ठणठणीत, धार शाबूत, आणि मालकाची तक्रार एकच : ‘थोडा वेळ काम केलं की धरवत नाही हो.’

खाचा फसव्या असतात, कारण दुकानात हातात घेतल्या घेतल्या त्या छान वाटतात. चारही बोटे आपापल्या जागी जाऊन बसतात. पण त्या जागा कोणाच्या मापाने ठरल्या? कारखान्याने धरलेल्या एका हाताच्या. आपली बोटे त्याहून जाड असली, की दोन खाचांमधला उंचवटा नेमका बोटाच्या हाडावर येतो. बारीक असली, तर बोट खाचेत सैल हलत राहते आणि कातडी घासते. बरे, माप अगदी जुळले तरी ते एकाच पकडीपुरते. उघड्यावर काम करताना हात एका जागी राहतो कुठे? दोर कापताना पूर्ण मूठ आवळलेली असते. काठीला टोक काढताना अंगठा पात्याच्या पाठीवर सरकतो. बारीक खाच पाडायची, तर तर्जनी आणि अंगठा पुढे पात्याच्या बुडाशी येतात. लाकूड स्वतःच्या छातीजवळ धरून चाकू बाहेरच्या बाजूला ओढायचा, तर मूठ हातात उलटी फिरते आणि धार बोटांच्या पेरांच्या दिशेला येते. त्या क्षणी खाचांचे उंचवटे तळहातात रुततात. फोड येतो तो तिथेच.

म्हणून माझा कौल साध्या मुठीला. लंबगोल छेद, मधे किंचित पोट, पात्यालगत जराशी बारीक आणि शेवटी पुन्हा थोडी रुंद, म्हणजे ओल्या हातातून ओढताना निसटत नाही. यात नवे काही नाही. स्वीडनमधल्या मोरा गावच्या चाकूंची जुनी लाल रंगाची बर्च लाकडाची मूठ अशीच मधे फुगीर असते. फिनलंडच्या पुक्को या पारंपरिक चाकूची मूठही साधीच, बोटांच्या खाचा नसलेली. वर्षभर लाकूड, दोर आणि कातडे कापणाऱ्या लोकांनी घडवलेले हे आकार आहेत, आणि पाहायला ते अगदीच सामान्य दिसतात. काचेच्या कपाटात त्यांच्याकडे कोणाची नजर जात नाही, हा त्यांचा तोटा.

लंबगोलच का, गोल का नको? घरबसल्या करून पाहता येईल असा एक प्रयोग सांगतो. चाकू म्यानात ठेवा, म्यानाचे बटण लावा, आणि डोळे मिटून मूठ हातात दोनचार वेळा फिरवा. आता डोळे न उघडता सांगा, धार कोणत्या बाजूला आहे? लंबगोल मुठीत हाताला लगेच कळते. पूर्ण गोल मुठीत कळत नाही आणि जोर लावताच ती हातात गरकन फिरू पाहते. ती फिरू नये म्हणून आपण नकळत जास्त आवळतो, आणि मनगट त्या आवळण्यानेच दुखते. दोन सपाट पट्ट्या ठोकलेल्या मुठीत धारेची दिशा कळते, पण तिच्या चार कडा चार ठिकाणी टोचतात. अशी मूठ पदरात पडलीच असेल तर टाकून देऊ नका. पाते नीट गुंडाळून ठेवा आणि लाकडाच्या कडा कानशीने मारा. मग आधी जाड, नंतर बारीक पॉलिशपेपर फिरवा. लाकडाच्या मधून पोलादाची पट्टी डोकावत असेल तर तिच्याही कडा मोडा. थंडीत उघडे पोलाद हाताला फार लागते.

जाडीबद्दल लेखात काहीच नव्हते, म्हणून थोडे सविस्तर. बारीक मूठ देखणी दिसते, खिशात मावते, आणि हात लवकर दमवते. बोटे पूर्ण वळून नखे तळहाताला लागू लागली, की मूठ आपल्याला बारीक आहे असे समजावे. उलट बोटांची टोके अंगठ्याच्या बुडाच्या उंचवट्यापासून फार लांब राहिली तर ती जाड. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने 2004 साली हातहत्यारे निवडण्याविषयी एक पुस्तिका काढली होती. जोर लावायच्या हत्याराची मूठ सव्वा ते दोन इंच व्यासाची आणि नाजूक कामाच्या हत्याराची पाव ते अर्धा इंच व्यासाची असावी, असे तीत म्हटले आहे. चाकूची अडचण इथेच आहे : त्याला दोन्ही कामे करायची असतात. लंबगोल छेद हा त्यावरचा तोडगा. उभ्या बाजूने तळहात भरतो, आडव्या बाजूने चिमटीत धरता येते.

लांबीचेही तसेच. मूठ तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त लांब हवी. आखूड असली तर तिचे टोक तळहाताच्या मध्यावर दाबत राहते, आणि तिथून बोटांकडे जाणाऱ्या शिरा त्याबद्दल लवकरच कुरकुर करतात. हातमोजे घालून काम करणाऱ्यांनी हातमोजे घालूनच मूठ धरून पाहावी. हे इतके उघड आहे की कोणी करत नाही.

पात्याच्या बुडाशी असलेल्या आडव्या अडणीबद्दल माझे मत इतरांना पटत नाही, तरी लिहितो. खुपसण्याच्या कामात हात धारेवर घसरू नये म्हणून ती असते. पण भटकंतीत आपण खुपसतो किती आणि तासतो किती? तासताना मोठी अडण बोटाला पुढे येऊ देत नाही. तर्जनीपुढे एक छोटासा उंचवटा असला, तरी माझ्या मते पुरे. मुलांच्या हातात पहिला चाकू देताना मात्र मी अडण असलेलाच देतो. तिथे सोयीपेक्षा बोटे महत्त्वाची.

डावखुऱ्या वाचकांसाठी एक ओळ : ज्या मुठीला एकाच बाजूला अंगठ्याची खोबण आहे, ती घेऊ नका, ती उजव्या हातासाठी केलेली असते. दोन्ही बाजू सारख्या असलेली मूठ कोणालाही चालते.

आणि चमक. आरशासारखे पॉलिश केलेले लाकूड कोरड्या हातात सुंदर, ओल्या हातात धोक्याचे. जवसाचे तेल मुरवलेले, किंचित खरखरीत ठेवलेले लाकूड बरे. रबरी मूठ ओल्यात उत्तम पकड देते, पण त्याच पकडीमुळे बराच वेळ तासताना कातडी ओढली जाते. दोन्हींपैकी काय घ्यावे हे ज्याच्या त्याच्या कामावर. नवी मूठ घेण्याआधी जुनीच जरा जाड करून पाहायची असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि काही दिवस वापरा. हात स्वतःच सांगेल त्याला काय हवे ते.

शेवटी आपल्याला एक विनंती. लेखासोबतची सगळी छायाचित्रे चाकू आडवा ठेवून, बाजूने काढलेली होती. त्यांत मुठीची कड दिसते, तिचा छेद दिसत नाही. मूठ चपटी आहे, गोल आहे की लंबगोल, हे वाचकाला कळायला मार्गच नाही. पुढच्या वेळी प्रत्येक चाकूचे एक छायाचित्र मुठीच्या टोकाकडून काढून छापावे.

आपला,
मुठी बसवणारा एक वाचक