अडीच ब्रास खडी आणि वीस माणसं हवीत : सांडपाण्याच्या वाफ्यासाठी आवाहन

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तो २०१६ चा उन्हाळा सरला आणि मोरीचं पाणी रस्त्यावर न सोडता खडी-कर्दळीच्या वाफ्यात गाळून झाडांना द्यायचं, असं आपल्या गल्लीने ठरवलं. जागा एका आजींनी फुकट दिली. चर खणायला अख्खं भजनी मंडळ उतरलं. काळी माती उन्हात भेगाळते आणि पाणी गिळते, म्हणून तळाला जाड प्लास्टिक हवं होतं. ते बचत गटाच्या बायांनी भिशीच्या पैशातून घेतलं. ट्रॅक्टरवाल्यांनी डिझेलसुद्धा मागितलं नाही. या सर्वांचं ऋण समिती विसरलेली नाही. ४० घरांचं रोजचं सुमारे ८,००० लिटर पाणी १४ बाय ६ मीटरच्या, ६० सेंटिमीटर खोल वाफ्यात कर्दळीच्या मुळांमधून अडीच दिवस झिरपायचं आणि शाळेमागच्या चिंचांना, गजराज गवताला मिळायचं.

आज वाफा तुंबलाय. पाणी खडीच्या वरच्या पातळीपासून ५ सेंटिमीटर खाली राहायला हवं, ते वर आलंय आणि त्यात डास होताहेत. दोष वाफ्याचा नाही. वाफ्याआधी तेल अडवणाऱ्या टाकीतली तेलाची साय आठवड्याला काढायची पाळी ठरली होती; त्या वहीची दिवाळीपासूनची पानं कोरी आहेत. टाकी भरली, की तेल, शितं, राख थेट खडीत. मागच्या हाकेला चारच घरं आली, याचं वाईट वाटतं.

तुंबारा पाणी आत शिरतं त्या तोंडाकडच्या २ मीटरच्या पट्ट्यातच आहे. तेवढीच खडी बदलायची. जुनी धुवायला लागेल इतकं पाणी गावात नाही.

हवं ते असं : ४० मिमी चाळलेली खडी अडीच ब्रास, म्हणजे २५० घनफूट (कच म्हणजे बारीक चुरा नको, फटी बुजतात), ४ इंची पाइप २, एल्बो २ (टाकीत तोंड खाली वळवून बसवायचे, तरच तेल वर अडतं), कर्दळीचे कंद ६०, फावडी, घमेली, गमबूट. टिकाव आणू नये, प्लास्टिक फाटतं. शनिवारी रात्री पाणी शोषखड्ड्याकडे वळवू. रविवारी सकाळी साडेसहाला वाफ्यावर यावं. रोख रक्कम खजिनदारांकडे, पावती घ्यावी. संडासाचं पाणी कुणी जोडू नये, हे पाणी पालेभाजीला घालू नये. मृगाच्या आत काम व्हायलाच हवं.

आपला,
सचिव, सांडपाणी समिती