अबोल नायकाची बाजू

महोदय,

व्हिडिओ गेममधील न बोलणारा नायक हा तंत्र अपुरे असलेल्या काळाचा अवशेष आहे, असे मत आपल्या युवा पुरवणीतील लेखात वाचले. ते मला मुळीच पटलेले नाही.

१९९८ च्या ‘हाफ-लाइफ’मध्ये इतर पात्रांना आवाज होता, फक्त गॉर्डन फ्रीमन हा शास्त्रज्ञ नायक गप्प होता. म्हणजे ते मौन नाइलाजाचे नव्हते, ठरवून राखलेले होते. २००४ च्या दुसऱ्या भागात तर त्याची साथीदार अ‍ॅलिक्स त्याला त्याच्या अबोलपणावरून चिडवतेसुद्धा. बेळगावच्या शहापुरात राहणारा, कॉलेजात शिकणारा माझा भाचा हा गेम खेळताना तिने हाक मारली की ‘आलो की, थांब जरा’ असे मोठ्याने म्हणतो आणि दार सापडेपर्यंत तिच्याशी बोलत राहतो. समोरची माणसे इंग्रजीत बोलत असली, तरी उत्तराची जागा मोकळी असल्याने तेथे त्याची बेळगावची मराठी सहज शिरते. नायकानेच इंग्रजीत उत्तर दिले असते, तर तो निमूट ऐकत बसला असता.

२०१५ च्या ‘फॉलआउट ४’मध्ये नायकाला आवाज मिळाला, पण संवादात खेळणाऱ्याला निवडण्यासाठी एका वेळी उत्तराचे चारच पर्याय उरले, तेही इतके त्रोटक की निवड केल्यावर नायक नेमके काय बोलेल याचा अंदाज येईना. खेळणाऱ्यांनी त्यावर पुष्कळ नाराजी व्यक्त केली. तो गेम बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीनेच २०२३ च्या ‘स्टारफील्ड’मध्ये नायकाला पुन्हा अबोल केले आणि पर्याय पूर्ण वाक्यांत दिले.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’मधील आर्थर मॉर्गनला मात्र आवाज हवाच, कारण तो स्वतःचा भूतकाळ आणि स्वभाव घेऊन आलेला माणूस आहे. जेथे स्वभाव खेळणाऱ्याने घडवायचा असतो, तेथे तयार आवाज आड येतो.

आपल्या भागासाठी यात एक व्यावहारिक मुद्दाही आहे. बोलक्या नायकाचे प्रत्येक वाक्य प्रत्येक भाषेत कलावंताकडून वदवून घ्यावे लागते, आणि नायक स्त्री की पुरुष हे निवडण्याची मुभा असेल तर दोनदा. लिहिलेले संवाद मात्र दोन-चार जाणकार मिळून मराठीत आणि कन्नडमध्ये उतरवू शकतात. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ अशी दोन्ही रूपे लिहावी लागतील, कन्नडमध्ये तीही अडचण नाही. बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जी मुले गेम बनवू पाहत आहेत, त्यांनी पहिला नायक अबोल ठेवावा आणि त्याची उत्तरे दोन्ही भाषांत लिहावीत, अशी माझी कळकळीची सूचना आहे. आपल्या पुरवणीने अशा मुलांना त्यांच्या कामाविषयी लिहायला सांगावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, बेळगाव