निवासी डॉक्टरांना विचारा, पण त्यांच्या विभागप्रमुखांमार्फत नको

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणाबाबत निवासी डॉक्टरांचे स्वतंत्र वार्षिक सर्वेक्षण सुरू करण्याबाबत.

माननीय महोदय,

देशातील पदव्युत्तर वैद्यकीय जागा 2014 पूर्वी 31,185 होत्या. आज त्या 70 हजारांच्या पुढे गेल्या आहेत. या वाढीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तज्ज्ञ डॉक्टरांची आपल्या जिल्ह्यांतील टंचाई पाहता ती आवश्यकही होती. मात्र या जागांवर प्रवेश घेतलेल्या निवासी डॉक्टरला तीन वर्षांत प्रत्यक्ष काय शिकायला मिळाले, हे शासनाला कळण्याची कोणतीही विश्वासार्ह सोय आज नाही. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर शिक्षक म्हणून काम करून मी निवृत्त झालो आहे, आणि त्या अनुभवाच्या आधारे ही सोय कशी करता येईल याविषयी आपल्याला लिहीत आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची आणि आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समितीची तपासणी मुख्यतः मोजता येणाऱ्या गोष्टींची असते. खाटा किती, बाह्यरुग्ण किती, अध्यापक किती, शस्त्रक्रियागृहे किती, हे पाहिले जाते. आता चेहरा ओळखून हजेरी नोंदवणारी यंत्रणाही आली आहे. हे सगळे आवश्यक आहे, पण त्यातून समजते ते एवढेच, की शिकवण्यासाठी लागणारी सामग्री आणि माणसे तेथे होती. तिसऱ्या वर्षाच्या शल्यचिकित्सा निवासी डॉक्टरने हर्नियाची शस्त्रक्रिया शिक्षकांच्या देखरेखीखाली स्वतः केली की तीन वर्षे फक्त रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला धरण्याचे साधन) धरला, रात्री दोन वाजता अत्यवस्थ रुग्ण आल्यावर वरिष्ठांनी फोन उचलला का, आणि उचलला तर ते आले का, याची उत्तरे कोणत्याही हजेरीपत्रकात सापडत नाहीत. ती फक्त निवासी डॉक्टरांकडे असतात.

यावर आपल्या विभागातून उत्तर येईल, की अभिप्राय तर आम्ही घेतोच. घेतला जातो हे खरे आहे, पण तो कसा घेतला जातो हे सांगणे मला भाग आहे. छापील अर्ज विभागात येतात, लिपिक ते निवासी डॉक्टरांना वाटतो, भरलेले अर्ज विभागप्रमुखांच्या टेबलावर जमा होतात, तेथून ते फाइलमध्ये जातात आणि तपासणीच्या दिवशी फाइल बाहेर निघते. वर्षानुवर्षे अशा फाइली मी चाळल्या आहेत. अध्यापन 'उत्तम', मार्गदर्शन 'उत्तम', ग्रंथालय 'उत्तम'. क्वचित कोणी धीर करून वसतिगृहातील पाण्याबद्दल एखादी ओळ लिहिलेली असते. नव्या सुनेला सगळ्या सासरकडच्यांसमोर बसवून 'इथे सगळे ठीक आहे ना?' असे विचारल्यावर जे उत्तर मिळेल, त्याहून वेगळे उत्तर या अर्जांतून मिळण्याची शक्यता नसते.

याचे कारण निवासी डॉक्टरांचा भित्रेपणा नाही. ज्या शिक्षकाविषयी अभिप्राय द्यायचा, तोच शिक्षक प्रबंधाच्या आराखड्यावर सही करतो, प्रबंध पूर्ण झाल्याचे प्रमाणित करतो, लॉगबुक तपासतो आणि प्रात्यक्षिक परीक्षेत अंतर्गत परीक्षक म्हणून बसू शकतो. विभागप्रमुखांनी टर्म ग्रँट केली नाही, म्हणजे सत्र पूर्ण झाल्याची मान्यता दिली नाही, तर सहा महिने वाया जातात, आणि 'टर्म ग्रँट होणार नाही' हे वाक्य आपल्या महाविद्यालयांत किती सहजपणे उच्चारले जाते हे कोणत्याही निवासी डॉक्टरला विचारावे. परीक्षा झाली म्हणजे भीती संपली, असेही नाही. त्यानंतर बंधपत्रित (बॉण्डची) सक्तीची सेवा असते आणि ती अनेकदा त्याच विभागात, त्याच वरिष्ठांच्या हाताखाली करावी लागते.

म्हणून माझी मागणी आणखी एका अभिप्राय अर्जाची नाही. सर्वेक्षण महाविद्यालयाच्या हातातून पूर्णपणे काढून घ्यावे आणि त्याच्या निष्कर्षांना उत्तर देणे महाविद्यालयावर बंधनकारक करावे, या दोन गोष्टी मी मागत आहे. यांपैकी एक केली आणि दुसरी सोडली, तर काहीही साधणार नाही.

हे अशक्य नाही, कारण इतर देशांत ते घडते आहे. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल ही नियामक संस्था जवळजवळ दोन दशके प्रशिक्षणार्थी डॉक्टरांचे राष्ट्रीय सर्वेक्षण करीत आली आहे. प्रश्न नियामक संस्था विचारते, रुग्णालय नाही. देखरेख, कामाचा ताण, शिकण्याच्या संधी, तक्रार करता येईल असे वातावरण अशा विषयांनुसार प्रत्येक रुग्णालयाचे आणि प्रत्येक शाखेचे निकाल कोणालाही पाहता येतील असे प्रसिद्ध होतात, आणि देशाच्या सरासरीपेक्षा फार खाली गेलेल्या जागा वेगळ्या रंगाने दाखवल्या जातात. एखाद्या गटातून तीनपेक्षा कमी उत्तरे आली तर त्या गटाचा निकाल दाखवला जात नाही. प्रशिक्षकांनाही स्वतंत्रपणे विचारले जाते. कौन्सिलकडे केवळ आकडे नाहीत, अधिकारही आहेत : 2016 मध्ये उत्तर लंडनमधील नॉर्थ मिडलसेक्स विद्यापीठ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातील देखरेखीविषयी गंभीर चिंता पुढे आल्या, तेव्हा परिस्थिती सुधारली नाही तर तेथील प्रशिक्षणार्थी डॉक्टर काढून घेतले जाऊ शकतात, असा इशारा त्या रुग्णालयाला मिळाला. आपल्याकडे ज्याप्रमाणे निवासी डॉक्टरांवाचून कोणतेही शासकीय रुग्णालय एक दिवस चालणार नाही, त्याप्रमाणे तेथेही हा इशारा किती जड होता हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ऑस्ट्रेलियाने 2019 पासून असेच वार्षिक सर्वेक्षण सुरू केले. अमेरिकेत प्रशिक्षण कार्यक्रमांना मान्यता देणारी संस्था निवासी डॉक्टरांचे सर्वेक्षण दरवर्षी घेते आणि किमान 70 टक्के प्रतिसादाची अपेक्षा ठेवते.

आपल्या देशातही एक मोठा प्रयत्न झाला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृती दलाने 2024 मध्ये ऑनलाइन सर्वेक्षण केले, त्यात 5,337 पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भाग घेतला आणि त्यांपैकी जवळजवळ 31 टक्के जणांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे नोंदवले. कामाचे तास आठवड्याला 74 पेक्षा अधिक नसावेत, अशी शिफारस त्या दलाने केली. येथे हेही नोंदवले पाहिजे, की 1992 च्या केंद्रीय निवासी योजनेत साधारणपणे आठवड्याला 48 तास आणि एका वेळी 12 तास अशी मर्यादा आधीच घालून दिलेली होती. तीन दशकांनंतर आपण 74 तासांची शिफारस स्वागतार्ह मानतो आहोत! ते असो. त्या सर्वेक्षणाची मर्यादा अशी, की त्यातून देशाची सरासरी समजली, पण कोणत्या महाविद्यालयातील कोणत्या विभागात काय चालले आहे हे समजले नाही; त्यामुळे कोणत्याही अधिष्ठात्याला किंवा विभागप्रमुखाला त्याचे उत्तर द्यावे लागले नाही.

प्रश्न कसे असावेत, हा यातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. 'अध्यापनाविषयी आपण किती समाधानी आहात?' या प्रश्नातून शिक्षकाची लोकप्रियता मोजली जाते. शिस्तीच्या, राउंडला प्रत्येक रुग्णाची खोलात चौकशी करणाऱ्या प्राध्यापकाला कमी गुण मिळतील आणि दुपारी दोनला सगळ्यांना सोडणाऱ्याला भरपूर मिळतील, ही शिक्षकांची भीती अनाठायी नाही. माझ्या सहकाऱ्यांनी ती मला अनेकदा बोलून दाखवली आहे. म्हणून मत विचारण्याऐवजी घडलेली गोष्ट विचारावी. मागील चार आठवड्यांत किती वेळा विभागातील शिक्षकाने आपल्यासोबत रुग्ण तपासून आपली चूक दाखवून दिली? मागील तीन महिन्यांत कोणत्या शस्त्रक्रिया आपण मुख्य शल्यचिकित्सक म्हणून देखरेखीखाली केल्या? ठरलेल्या सेमिनार आणि जर्नल क्लबपैकी (शोधनिबंधांवरील चर्चांपैकी) किती प्रत्यक्षात झाले आणि शिक्षक किती वेळा हजर होते? मागील महिन्यात सलग 24 तासांहून अधिक ड्युटी किती वेळा झाली? रक्ताचे नमुने पोहोचवणे, रक्तपेढीत जाऊन पिशव्या आणणे, स्ट्रेचर ढकलणे, अहवाल शोधणे यांत दिवसाचे किती तास गेले? वरिष्ठाला विचारल्याबद्दल अपमान झाला म्हणून विचारणे टाळल्याचा प्रसंग आला का? या शेवटच्या प्रश्नाचा संबंध निवासी डॉक्टरांच्या सुखसोयीशी नाही. तो रुग्णाच्या जिवाशी आहे.

प्रश्नावली शून्यातून बनवावी लागेल असेही नाही. रुग्णालयातील पदव्युत्तर शैक्षणिक वातावरण मोजणारी 40 विधानांची 'फीम' ही प्रश्नावली 2005 पासून उपलब्ध आहे आणि अनेक देशांत वापरली गेली आहे; स्वायत्तता, अध्यापन आणि सामाजिक आधार अशी तिची तीन अंगे आहेत. ती आधाराला घेऊन वर सांगितलेल्या प्रकारचे प्रश्न आपल्या परिस्थितीनुसार जोडता येतील.

जिल्हा निवासी कार्यक्रमाबाबत वेगळा प्रश्नसंच हवा. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, ही कल्पना उत्तम आहे आणि 2023 च्या पदव्युत्तर नियमावलीनेही ती कायम ठेवली आहे. परंतु तेथे मार्गदर्शनासाठी त्या विषयाचा तज्ज्ञ होता का, राहण्याची सोय होती का, काही शिकायला मिळाले की केवळ रिक्त पदाची जागा भरली, हे परत आलेल्या डॉक्टरांना पद्धतशीरपणे कोणी विचारत नाही. तीन महिने संपतात, प्रमाणपत्र मिळते आणि विषय तेथेच मिटतो.

आता गोपनीयतेविषयी, कारण त्यावरच सगळे अवलंबून आहे. आपल्या अनेक विभागांत वर्षाला दोन किंवा तीनच जागा असतात. तीन वर्षांचे मिळून सहा-नऊ निवासी डॉक्टर. त्यांतील कोणी काय लिहिले हे ओळखायला विभागप्रमुखांना पाच मिनिटे पुरतात. अशा विभागांचे निकाल एका वर्षाचे न देता तीन वर्षांचे एकत्र करून द्यावेत, वर्षनिहाय फोड देऊ नये आणि मोकळ्या शब्दांत लिहिलेला मजकूर विभागापर्यंत कोणत्याही स्वरूपात पोहोचू देऊ नये, कारण माणूस आकड्यांवरून ओळखू येत नाही पण वाक्यावरून ओळखू येतो. सर्वेक्षण निवासी डॉक्टरच्या स्वतःच्या मोबाइलवर, विद्यापीठाने पाठवलेल्या दुव्यातून भरले जावे. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात सर्वांना एकत्र बसवून नव्हे. कोणी उत्तर दिले आणि कोणी दिले नाही, याची यादीही महाविद्यालयाला मिळू नये. रॅगिंग, लैंगिक छळ किंवा जातीवरून होणारा छळ यांसारख्या तक्रारींसाठी मात्र सर्वेक्षण हे साधन नव्हे, हे प्रश्नावलीतच स्पष्ट लिहून त्या तक्रारींचा स्वतंत्र मार्ग शेजारी द्यावा. वर्षाच्या शेवटी निघणारी सरासरी हे छळ सोसणाऱ्यासाठी उत्तर असू शकत नाही.

अध्यापकांनाही विचारावे, असे मी आग्रहाने म्हणतो. एखाद्या विभागात शिकवणे होत नसेल तर त्याचे कारण प्रत्येक वेळी शिक्षकांची अनास्था नसते. मंजूर पदे रिक्त असतात, आहेत त्या अध्यापकांच्या नव्या महाविद्यालयाच्या तपासणीसाठी तात्पुरत्या बदल्या होतात, बाह्यरुग्ण विभाग संपता संपत नाही. निवासी डॉक्टरांची उत्तरे आणि अध्यापकांची उत्तरे शेजारी ठेवली तर दोष कोणाचा यापेक्षा अडचण कोठे आहे हे कळेल, आणि ती अडचण पुष्कळदा मंत्रालयातच सुटणारी असेल. याची तयारी शासनाने ठेवावी लागेल.

निकाल आल्यानंतर काय व्हावे, हे आजच ठरले पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयाचे विषयवार निकाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावेत. सलग दोन फेऱ्यांत देखरेख किंवा कामाचे तास यांबाबत सर्वांत खाली राहिलेल्या विभागाला विद्यापीठाने बाहेरच्या तज्ज्ञांची भेट द्यावी, आणि त्या विभागाने सहा महिन्यांत काय बदलले हे लेखी कळवून तेही प्रसिद्ध करावे. त्यानंतरही सुधारणा नसेल तर त्या विषयातील वाढीव जागांसाठी राज्याने शिफारस करू नये. यात शिक्षकांच्या वैयक्तिक गोपनीय अहवालाशी सर्वेक्षण जोडण्याचा मोह होईल, तो टाळावा. तसे झाले की पुढच्या वर्षी पुन्हा सगळीकडे 'उत्तम' दिसू लागेल.

यासाठी नव्या संस्थेची किंवा मोठ्या निधीची आवश्यकता नाही. संलग्न महाविद्यालयांतील प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याची नोंदणी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे, आणि आपण त्या विद्यापीठाचे प्र-कुलपती आहात. पहिल्या वर्षी औषधवैद्यकशास्त्र, शल्यचिकित्साशास्त्र, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र आणि बधिरीकरणशास्त्र हे चारच विषय, तेही केवळ शासकीय महाविद्यालयांत घ्यावेत. दुसऱ्या वर्षी महानगरपालिकांची आणि खासगी महाविद्यालये जोडावीत. प्रश्नावली ठरवणाऱ्या समितीत निवासी डॉक्टरांच्या 'मार्ड' या संघटनेचे प्रतिनिधी, अध्यापक संघटनेचे प्रतिनिधी आणि सर्वेक्षणशास्त्र जाणणारी वैद्यकीय क्षेत्राबाहेरची किमान एक व्यक्ती असावी. सर्वेक्षण परीक्षेच्या आणि प्रबंध सादर करण्याच्या काळात ठेवू नये, आणि त्याचा शासन निर्णय निघेल तेव्हा 'विभागप्रमुखांमार्फत' हा शब्द त्यात कोठेही येणार नाही, एवढे आपण स्वतः पाहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पदव्युत्तर वैद्यकीय अध्यापक