तीन सह्यांसाठी अडलेलं बाळ

मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य यांस

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या शिशुगृहातली एक मुलगी पाळण्यातून उतरून रांगायला लागली, पण तिची फाइल जागची हलली नाही.

बसस्थानकावर सापडली तेव्हा ती आठवड्याची असेल. दोन वर्षांखालच्या टाकून दिलेल्या बाळाला दोन महिन्यांत दत्तकासाठी मुक्त, म्हणजे दत्तक देता येईल असं, जाहीर करावं, असं बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ३८ सांगतं. तो निर्णय बाल कल्याण समितीच्या, म्हणजे निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या, किमान तीन सदस्यांनी घ्यावा लागतो. पोलिसांचा अहवाल, वर्तमानपत्रातली जाहिरात, सगळं झालं होतं. समितीच उरली नव्हती. जुन्यांची मुदत संपलेली, नव्या यादीला न्यायालयात आव्हान, आणि कार्यभार शेजारच्या जिल्ह्याकडे. आमच्या मावशी तिला कडेवर घेऊन, दुधाची बाटली आणि लंगोटांची पिशवी सांभाळत एसटीने जायच्या. दोनदा कोरम नाही म्हणून तशाच परत आल्या.

याचिका करणाऱ्यांवर माझा राग नाही. या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. कार्यकर्त्यांची वर्णी लावायचं हे महामंडळ नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेल्याला सदस्य होता येत नाही. कोणाचं नाव का आलं, कोणाचं का गळलं हे कळलंच नाही, तर माणूस कोर्टाची पायरी चढणारच. आणि कोर्टाचा वेग? बाल आयोग आणि समित्यांमधल्या रिक्त जागा भरा, असं सर्वोच्च न्यायालयाने संपूर्णा बेहुरा प्रकरणात ९ फेब्रुवारी २०१८ रोजी बजावलं. याचिका २००५ ची होती.

म्हणून मागणं एवढंच. सदस्यांची मुदत तीन वर्षांची, ती कधी संपणार हे पहिल्या दिवशीच माहीत असतं. निवड सहा महिने आधी सुरू करा. उमेदवारांना मिळालेले गुण आणि निवडीची कारणं संकेतस्थळावर टाका. प्रतीक्षा यादी तयार ठेवा. तरीही आव्हान आलंच, तर मुलांचे आदेश थांबू नयेत एवढी विनंती सरकारी वकिलांनी पहिल्याच तारखेला करावी. नेमणूक पुढे रद्द झाली तर दत्तकही रद्द होईल, ही भीती दत्तक घेणाऱ्या पालकांना घालू नये. पदावर असताना दिलेले आदेश सहसा टिकतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या गोकाराजू रंगराजू खटल्यात १९८१ मध्येच ठरलं आहे.

त्या मुलीचा आदेश अकराव्या महिन्यात निघाला. आईबाबा न्यायला आले तेव्हा ती चालत होती, आणि मावशींचा पदर काही केल्या सोडत नव्हती.

आपली,
शिशुगृहातली एक सामाजिक कार्यकर्ती