सुताराची वही आणि आपले गुऱ्हाळ

ब्रायटन (इंग्लंड),
दि. ९ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र परवा मिळाले. आईचा गुडघा आता बरा आहे आणि यंदा उसाला वेळेवर तोड आली, हे वाचून जिवाला बरे वाटले. संक्रांत जवळ आली आहे, तेव्हा तुम्ही नेहमीप्रमाणे औदुंबरला संमेलनाला जाणारच. लहानपणी तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून मी तिथे आले होते. भाषणांतले काही कळत नव्हते, पण कृष्णाकाठी झाडाच्या सावलीत बसलेली, शेतातून तशीच उठून आलेली माणसे कान देऊन कविता ऐकत होती, ते मात्र डोळ्यांसमोरून हललेले नाही. कवी सुधांशू आणि त्यांचे सदानंद साहित्य मंडळ यांनी एवढ्याशा गावात दर संक्रांतीला ही परंपरा चालू ठेवली, याचे मोल मला इथे आल्यावर अधिक कळले.

मंगळवारी संध्याकाळी फोन केला की मी घरी का नसते, असे तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर फोनवर घाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आमच्या भागात एका चर्चच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी लेखनमंडळ भरते. आम्ही दहा-बारा जण असतो: निवृत्त बसचालक, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाई, एक परिचारिका, दोन विद्यार्थी आणि औषधाच्या दुकानातले काम आटोपून धावत पोहोचणारी मी. प्रत्येकाने आपले दोन-तीन पानांचे लेखन मोठ्याने वाचायचे. त्यानंतर इतर बोलतात आणि लिहिणाऱ्याने तोवर गप्प बसून ऐकायचे, हा आमचा एकच कडक नियम. सुरुवातीला मला तो फार अवघड गेला, कारण आपले म्हणणे समजावून सांगण्यासाठी जीभ सारखी वळवळते. पण वहीत जे उतरलेले नाही ते तोंडाने सांगून उपयोग नाही, हे त्या गप्प बसण्यातूनच अंगवळणी पडते. वर्षाअखेरीस निवडक लेखनाची एक पुस्तिका आम्ही स्वखर्चाने छापतो आणि जवळच्या वाचनालयात तिचे वाचन करतो. गेल्या नोव्हेंबरात झालेल्या वाचनाला खुर्च्या कमी पडल्या आणि बसचालक आजोबांची नातवंडे पुढे जमिनीवर मांडी घालून बसली होती.

अशी मंडळे या गावाला नवी नाहीत, आणि मला तुम्हाला मुख्यतः तीच हकिगत सांगायची आहे. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर क्वीन्स पार्क नावाची बाग आहे. त्या बागेत उंच खांबांचा दर्शनी भाग असलेली एक जुनी इमारत आहे. १८२५ साली स्ट्रुव्ह नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने तिथे कृत्रिम रीतीने बनवलेले औषधी पाणी विकायला सुरुवात केली होती आणि राजाश्रय मिळाल्यामुळे तिला रॉयल स्पा हे नाव पडले. पुढे ती ओस पडली. १९७२ च्या सुमारास तिथे कॅसिनो काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा आसपासच्या वस्तीतले लोक उठले. आमच्या मुलांना बालवाडी हवी आहे, जुगाराचा अड्डा नको, असे त्यांचे म्हणणे होते. आपली बाजू मांडण्यासाठी त्यांनी ‘क्वीनस्पार्क’ नावाचे छोटे वृत्तपत्र काढले आणि ते दारोदार जाऊन विकले. अखेर बालवाडी झाली. आजही त्या खांबांमागे लहान मुलांचा कलकलाट चालू असतो, आणि बाजूने जाताना मी दर वेळी क्षणभर थांबते.

त्या वृत्तपत्रापाशी अल्बर्ट पॉल नावाच्या एका वृद्ध सुताराच्या बालपणीच्या आठवणींचे हस्तलिखित आले. वृत्तपत्राच्या पानांत न मावणारा तो मजकूर १९७४ साली पुस्तकरूपाने निघाला आणि वृत्तपत्राची प्रकाशनसंस्था झाली. १९०३ ते १९१७ या काळातील ब्रायटनच्या गरीब घरातले दिवस त्यात आहेत. ‘गरिबी, कष्ट, पण समाधान’ असा त्या पुस्तकाच्या इंग्रजी नावाचा अर्थ. पुढे १९८१ साली त्यांचे दुसरे पुस्तक आले आणि त्यात १९१७ ते १९६८ अशी एक्कावन्न वर्षांची सुतारकी आहे. बाबा, एका सुताराच्या हातून रंधा सुटल्यावर लेखणी आली आणि त्याच्या गावाने ती मानाने वाचली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्यांच्या मागोमाग इतरही पुढे आले. डेझी नोक्स या घरकाम करून पोट भरलेल्या बाईंचे पुस्तक १९७५ साली निघाले. दुकानदार, कोळी, रेल्वेतले नोकर यांच्या आठवणींची पुस्तके झाली. धुराडी साफ करणाऱ्या हॅरी काउली यांच्याविषयी एक झाले. युद्धावरून परतलेल्या बेघर सैनिकांना रिकाम्या घरांत नेऊन बसवणारा हा माणूस गावात आजही आदराने आठवला जातो. आजवर या एका संस्थेने शंभराहून अधिक पुस्तके काढली आहेत. पण मला त्या आकड्याहून त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. लिहिणाऱ्याच्या बोलीला धक्का लावायचा नाही, संपादन करायचे ते त्याला शेजारी बसवून, आणि शेवटचा शब्द त्याचाच. ज्याचे आयुष्य त्याचेच पुस्तक, इतका साधा हिशेब.

लंडन, लिव्हरपूल, ब्रिस्टल अशा ठिकाणच्या मंडळांसोबत मिळून १९७६ साली क्वीनस्पार्कने कष्टकरी लेखकांचा महासंघही स्थापन केला. सरकारी कला परिषदेने मात्र साहित्यिक दर्जाचा मुद्दा काढून त्याला अनुदान नाकारले. हे वाचले तेव्हा मला तुमच्या कपाटातले ‘बलुतं’ आठवले. दया पवारांचे ते पुस्तक १९७८ चे, म्हणजे त्याच दशकातले. दर्जाची पट्टी कोणाच्या हातात असावी, हा वाद इकडे आणि आपल्याकडे एकाच वेळी पेटला होता. माझे मत विचाराल तर ज्याने उपासाची रात्र काढली आहे त्याच्या वाक्याला वजन त्या रात्रीचेच असते, आणि ते मोजायला दुसरा तराजू लागत नाही.

आणखी एक सांगते. पहिल्या महायुद्धात इथल्या राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. जे दगावले त्यांपैकी त्रेपन्न हिंदू आणि शीख जवानांचे दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झाले, आणि १९२१ पासून तिथे संगमरवरी छत्री उभी आहे. त्या काळी हिंदी शिपायांनी घरी धाडलेल्या पत्रांतले उतारे सेन्सॉरच्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले, म्हणून ते शंभर वर्षांनी आपल्याला वाचायला मिळतात. त्या छत्रीखाली उभी राहिले की घरी लिहिलेल्या साध्या चार ओळींचीही किंमत कळते.

आता माझ्याविषयी. गेल्या वर्षी मी मंडळात आपल्या गुऱ्हाळावर लिहिले. मळ्यातली थंडीची पहाट, चरकातून पडणारा रस, चिपाडांचा जाळ, काहिलीत भेंडीचे पाणी टाकल्यावर वर येणारी मळी आणि ती काढून टाकणारा गुळव्या, हे सगळे इंग्रजीत उतरवताना माझी पुरेवाट झाली. काकवीला तर शब्दच सापडेना, म्हणून मी काकवीच लिहिले आणि कोणी हरकत घेतली नाही. वाचून झाले तेव्हा मला वाटले, चांगले जमले. नियमाप्रमाणे गप्प बसले. मग स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईंनी विचारले, पाक तयार झाला हे त्या माणसाला कळायचे कसे? एवढे मला ठाऊक होते. गार पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळते का हे तो पाही, हे मी पुढच्या खर्ड्यात घातले. पण बसचालक आजोबांनी पुढे विचारले की जाळ घालणारा तो म्हातारा, ज्याच्याजवळ तू शेकायला बसायचीस, त्याचे नाव काय होते, आणि हंगाम संपल्यावर तो कुठे जात असे?

बाबा, मला सांगता आले नाही. आम्ही पोरे त्यांना तात्या म्हणत असू. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना भाजल्याचा जुना डाग होता आणि पहिली ओली ढेप निघाली की ते तिचा कडेचा तुकडा पळसाच्या पानावर ठेवून मला देत, एवढेच मला आठवते. त्यांचे पूर्ण नाव, गाव, मजुरी, त्यांची मुले-बाळे, यांपैकी काहीही माझ्यापाशी नाही. आठ हंगाम मी त्यांच्या शेजारी बसले आणि एकदाही विचारले नाही. त्या रात्री घरी परतताना समुद्रावरून वारा सुटला होता आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पुस्तिकेत तो लेख आला आहे, पण तात्यांच्या जागी माझ्या मनाला अजून खड्डा जाणवतो.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणणार हे मला माहीत आहे, कारण मी पहिल्यांदा हा विषय काढला तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात. पण सुताराने लिहिले ते शब्द गोळा करून नव्हे, तर करवत, फळी आणि पगाराचा दिवस यांच्याविषयी. तुम्ही गुऱ्हाळाविषयी लिहा. चरक कधी बसवला, इंजिन येण्याआधी बैल कोणाचे होते, सांगलीच्या पेठेत ढेप नेल्यावर अडत्याशी भाव कसा ठरे, ऊस कारखान्याला घालायचे कोणत्या साली ठरले आणि शेवटची काहील उतरवली त्या दिवशी मळ्यात कोण कोण होते, हे तुमच्याशिवाय आता कोणाला सांगता येणार नाही. आणि तात्यांविषयी जे आठवेल ते सगळे लिहा.

भाषा पुस्तकी करू नका. तुम्ही ओसरीवर बसून ज्या शब्दांत बोलता त्याच शब्दांत लिहा. शुद्धलेखनाची काळजी मी करीन आणि तुम्हाला विचारल्याखेरीज एक अक्षर बदलणार नाही. हात दुखत असेल तर चि. अमोलला सांगा, तो फोनवर तुमचे बोलणे ध्वनिमुद्रित करील आणि मी इथे बसून उतरवून घेईन. आईलाही विचारा, कारण गुळव्यांच्या न्याहारीला किती भाकरी बडवाव्या लागत, हे ती तुमच्यापेक्षा नेमके सांगेल.

मंडळाच्या पुस्तिकेची एक प्रत या पत्रासोबत पाठवीत आहे. माझा लेख पान अठरावर आहे. अमोलकडून मराठीत समजावून घ्या आणि चुकले असेल तिथे पेन्सिलीने खूण करा. औदुंबरहून आल्यावर यंदा कोणाच्या कविता झाल्या तेही कळवा. आईस साष्टांग नमस्कार, अमोलला आशीर्वाद. तिळगूळ पोस्टाने वेळेत पोहोचणार नाही, तेव्हा तो माझ्या वाट्याचा तुम्हीच घ्या.

आपली आज्ञाधारक,
नंदा

ता. क. तात्यांच्या घरचे कोणी अजून गावात असेल तर त्यांच्याकडून तात्यांचे पूर्ण नाव आणि गाव आधी विचारून कळवा. बाकीचे सावकाश लिहिले तरी चालेल.