अप्पा, त्या बशीबद्दल

ती. स्व. अप्पा,
सा. न. वि. वि.

समोर बोलायला आलो की तुम्ही "चल, पानं पीस" म्हणून विषय उडवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

त्या शनिवारी पोकरच्या डावात माझ्या हातात एक्का-राजा होता. मी आधीच बेट, म्हणजे पैज, वाढवली, तुम्ही आणि आणखी एक जण आत आलात. फ्लॉप, म्हणजे मध्ये सगळ्यांसाठी उघडलेली तीन पानं, पडला: बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किलवर सत्ती. मला काही म्हणजे काही लागलं नव्हतं, तरी बेट लावली. पुढच्या पानावर पुन्हा लावली आणि शेवटी उरलेसुरले चिंचोके ढकलून मोकळा झालो. तुमच्याकडे गुलाम-दश्शी, म्हणजे स्ट्रेट, ओळीची पाच पानं, फ्लॉपलाच झालेली. सगळे खो खो हसले.

मला शिकवलं होतं तेच मी केलं होतं हो! क्लासवाल्या सरांनी चांगली जाडजूड फी घेऊन एकच मंत्र दिला होता: आधी वाढवलंय ना, मग फ्लॉपवर बेट लावायचीच. का, असं विचारलं की पुढच्या बॅचची फी सांगायचे.

तुम्ही जिंकलेले चिंचोके ओढलेसुद्धा नाहीत. माझी दोन पानं पालथी केलीत, त्यांवर चहाची बशी उपडी घातलीत आणि मधली तीन नीट मांडून विचारलंत, "आता सांग, ही तीन कुणाची?" मागून "वाटा, वाटा" चाललं होतं. "थांबा रे, बघू दे त्याला," एवढंच म्हणालात.

बघितलं. वाढवणाऱ्याकडे बहुधा मोठी पानं, नुसतं आत येणाऱ्याकडे मधली. ती तीन तुमचीच होती. दिवाळीत तीन पत्ती खेळून वाढलेला मी; तिथं सगळंच झाकलेलं, चाल वाढवेल त्याचा दरारा. इथं तीन पानं उघडी पडलेली असतात आणि मी आपला हातातली दोनच कुरवाळत बसायचो.

आता राजा-सत्ती-दुर्री, तीन वेगळ्या रंगांची, समोर एकच गडी, असं आलं की हातात राणी-गुलाम असले तरी पॉटच्या, म्हणजे मधल्या ढिगाच्या, तिसऱ्या हिश्श्याची बेट लावतो. त्याने 4 पैकी 1 वेळा पानं टाकली तरी बरोबरी होते, आणि जोडी नसलेल्या हाताला फ्लॉपवर काही लागतं ते 3 पैकी जेमतेम 1 वेळा. पण नव्वी-अठ्ठी-सत्ती दिसली, समोर दोघे असले, की हात आवरतो.

हे गणित पुस्तकातही सापडलं असतं म्हणा. पण जिंकलेल्या माणसाने हरलेल्यासाठी डाव थांबवलेला मी कुठल्याच टेबलावर पाहिला नव्हता, ऑफिसातही नाही. तिथं तर चूक झाली की आधी हसतात, मग मेल करतात.

परवा पुन्हा एक्का-राजा होता आणि फ्लॉप तसाच ओला, म्हणजे मधल्या, जुळत्या पानांचा. मी दोन बोटांनी टेबल ठोकून चेक केलं, म्हणजे बेट न लावता पाळी पुढे दिली. तुम्ही मान वर केली नाहीत. फक्त बशी माझ्याकडे सरकवलीत, चहासकट.

आपला,
तुमच्या डावीकडचा